हाटकेशचा भोंगा आणि त्याच्या तीन टोप्या

बॉयलरच्या नळ्यांना आतून खार धरतो. रोज बघितलं तर काही दिसत नाही, पण वर्षाने झाकण उघडलं की हा बोटभर थर! आम्हा जुन्या डाईंगवाल्यांचं तसंच आहे. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाची साठी, चार डोकी एकत्र जमली की कोणीतरी म्हणतं, "तो भोंगा आठवतो का रे?" की झालं! जेवणाची पानं उचलली जातात, वाढपी ताटकळतात, आणि आमचा थर काही सुटत नाही.

मुंबईच्या वेशीबाहेर हाटकेशला आमचा कपडे रंगवण्याचा कारखाना होता. मी मेंटेनन्स सुपरवायझर. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, आजूबाजूला अजून मिठागरं दिसायची आणि बिल्डिंगा नुकत्याच उगवायला लागल्या होत्या. रंगाच्या हौदांना वाफ लागायची म्हणून बॉयलर, आणि बॉयलर होता म्हणून भोंगा.

*

खरं तर भोंग्याची गरज काहीच नव्हती. घंटा चालली असती. पण आमच्या शेठना मुंबईतल्या कुठल्यातरी बंद पडलेल्या गिरणीचा पितळी भोंगा भंगारात दिसला आणि ते प्रेमात पडले. "कारखानो छे तो भोंगो जोईए!"

बसवायचं काम बॉयलर अटेंडंट सावंतांकडे. सावंत संगमेश्वरचे, राहायला पेणकरपाड्यात. त्यांनी मला भोंगा समजावला तो असा: "खाली ही वाटी. वाटीच्या तोंडावर ही ताटली. दोघांच्या मधे बारीक फट. फटीतून वाफ सुटते आणि वरच्या टोपीच्या काठावर आपटते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारता ना सायेब? तेच. फक्त फुंकर जरा गरम!"

उद्घाटनाला शेठ पांढऱ्याशुभ्र सफारीत. शेठाणी, पाहुणे, भटजी, पेढे. सावंत म्हणाले, "शेठ, पाइपात पाणी साचलंय, आधी ते काढून टाकतो." भटजी म्हणाले, "मुहूर्त जातोय!" शेठनी साखळी ओढली.

भोंगा खाकरला, आणि पाइपातलं सगळं गंजकं पाणी कारंज्यासारखं उडून पाहुण्यांवर आलं. नशीब, वरून खाली येईपर्यंत ते कोमट झालं होतं. आवाज म्हणाल तर फक्त फुस्स!

तांबड्या ठिपक्यांची सफारी घातलेले, नखशिखांत न्हालेले शेठ सावंतांना म्हणाले, "आ वागे छे के नवडावे छे?"

*

दुसऱ्या पाळीसाठी माणूस हवा होता. इंटरव्ह्यूला किनाऱ्यावरच्या पालीचा अंतोन आला. कोळ्याचा मुलगा, पण समुद्र लागायचा म्हणून बॉयलरचं लायसन काढलेला. कोळ्याला समुद्र लागतो हे ऐकूनच आमचे मॅनेजर अर्धे गार झाले होते.

"भोंग्याचे भाग सांगा," मॅनेजर म्हणाले.

"वाटी, ताटली, फट, टोपी, दांडी, व्हॉल्व, साखली," अंतोनने बोटांवर मोजले, "आनि शेजारी."

"शेजारी?"

"कंप्लेन करायला येतान ते! ते आले न्हाय तर समजायचा, भोंगा वाजलाच न्हाय."

त्याच दिवशी जॉइन झाला.

*

बॉयलरच्या शेडमधून फाट्यापर्यंतचा रस्ता दिसायचा. शेठची गाडी दिसली की सावंत दोनदा बारीक शिट्टी द्यायचे. पुप, पुप! पत्ते खिशात, विड्या हौदात, सगळे कामाला. शेठाणींची गाडी दिसली की तीनदा.

शेठ काही दुधखुळे नव्हते. एकदा सरळ बॉयलरपाशी येऊन उभे राहिले. "सावंत, हूं आवूं त्यारे बे सीटी. केम?"

"प्रेशर काढतो, शेठ."

"अने सेठाणी आवे त्यारे त्रण?"

सावंत कोळसा सारखा करत म्हणाले, "तेव्हा प्रेशर जास्त असतं, शेठ."

शेठनी जरा विचार केला, मान हलवली आणि निघून गेले.

*

अंतोनचं भाकीत खरं ठरलं. शेजारी आले! समोरच्या नव्या बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर दादरहून जोगळेकरबाई राहायला आल्या होत्या. गाण्याच्या शिकवण्या घ्यायच्या. एका सकाळी त्या गेटवर हजर, मागे मिस्टर जोगळेकर, त्यांच्या डोक्यावर हार्मोनियम!

मॅनेजरनी घाईघाईने खुर्ची दिली. "बाई, आवाजाचा त्रास होतोय हे मान्य आहे, पण बंद करणं..."

"बंद करा असं कोण म्हणतंय?" बाई कडाडल्या. "सुरात लावा!"

आमचा भोंगा साधा नव्हता, जोडभोंगा होता. एका बुडावर तीन टोप्या. लांब टोपीचा सूर खालचा, आखूड टोपीचा वरचा, तिन्ही मिळून एकदम वाजायच्या. एका टोपीचा भोंगा नुसता हंबरतो, तीन टोप्यांचा गातो. "षड्ज ठीक आहे, पंचम ठीक आहे," बाई म्हणाल्या, "पण मधला गंधार उतरलाय. रोज सकाळी माझ्या मुली तो ऐकतात आणि तस्साच लावतात!"

मग कोळशाच्या ढिगाशेजारी हार्मोनियम मांडली. बाई सूर धरायच्या, सावंत शिडीवर चढून दांडीवरची चाकी फिरवत मधली टोपी वरखाली करायचे, अंतोन साखळी ओढायचा. "चढला! ...आता उतरला! ...जरा वर, सावंत, केसभर!" मिस्टर जोगळेकर कानात बोटं घालून उभे. शेवटी बाईंनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "लागला."

पण गंमत पुढेच आहे. वाफेचा जोर कमी झाला की भोंग्याचा सूरही उतरतो. त्यामुळे सकाळचा भोंगा झाला आणि जरा जरी इकडेतिकडे झालं की गॅलरीतून हाक यायची, "सावंत, उतरलात!" सावंत काटा बघायचे, तर खरंच प्रेशर पडलेलं असायचं. लगेच कोळसा.

मॅनेजर बाहेरच्या लोकांना अभिमानाने सांगायचे, "आमच्याकडे दोन प्रेशर गेज आहेत. एक बॉयलरवर आणि एक तिसऱ्या मजल्यावर!"

*

अंतोनने रिकाम्या वेळात पाइपाच्या तुकड्यातून स्वतःची शिट्टी बनवली. हिच्या टोपीत सायकलच्या पंपासारखा दट्ट्या. दट्ट्या आत ढकलला की सूर चढतो, बाहेर ओढला की उतरतो. बाई ऐकून म्हणाल्या, "ही मींड घेते हो!"

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर मॅनेजरांचं भाषण. अंतोन शेडमध्ये, त्याचं म्हणणं तो नुसती टेस्टिंग करत होता.

"या वर्षी प्रॉडक्शन वाढलं पाहिजे!" मॅनेजर म्हणाले. शेडमधून: उँऽऽईऽऽ!

"वेस्टेज कमी झालं पाहिजे!" ईऽऽऊँऽऽ!

पब्लिक टाळ्या वाजवायला लागली. मॅनेजरना वाटलं भाषण रंगतंय. त्यांनी आवाज चढवला, "आणि कामगारांच्या सोयी..."

शिट्टीतून नुसती वाफ गेली. फुर्रर्र.

त्यानंतर मॅनेजर कधी बॉयलरच्या बाजूला तोंड करून बोलले नाहीत.

*

हा किस्सा सांगताना माझ्या अंगावर अजून काटा येतो, पण हसल्याशिवाय राहवत नाही.

मोठ्या भोंग्याखेरीज बॉयलरला एक बोटभर शिट्टी होती. आतलं पाणी खुणेच्या खाली गेलं की ती आपोआप किंचाळायची. ही शिट्टी वाजली की हातातलं टाकून आधी विस्तव ओढून काढायचा. नाहीतर बॉयलर फुटतो आणि मग तक्रार करायला शेजारीही उरत नाहीत.

शेडच्या पत्र्यावर एक साळुंकी असायची. सावंत जेवायला बसले की डब्याजवळ यायची. चाचणीच्या वेळी ऐकून ऐकून तिने ती शिट्टी उचलली! हुबेहूब! सावंतांनी पहिला घास घेतला की पत्र्यावरून किंकाळी. सावंत डबा टाकून धावायचे, पाण्याची पातळी दाखवणारी काच बघायचे, तर पाणी व्यवस्थित. परत येईपर्यंत साळुंकी अर्धा भात संपवून बसलेली! असं इतक्या वेळा झालं की सावंत उठेनासे झाले. नुसतं ओरडायचे, "गप गो! जेवू दे!"

एका दुपारी मी आणि अंतोन तिथेच होतो. शिट्टी किंचाळली. सावंत माशाचा काटा काढत म्हणाले, "गप गो!" शिट्टी थांबेना. "गप म्हटलं ना!" आणि सावंतांनी समोर बघितलं.

साळुंकी त्यांच्या डब्याच्या झाकणात बसून शांतपणे भात टिपत होती.

मी माणसाला तसं उडताना परत कधी बघितलं नाही. अंतोन आणि सावंतांनी मिळून धगधगता कोळसा ओढून बाहेर काढला, मी हवेची झडप, म्हणजे डॅम्पर, बंद केला. फीड पंप अडकला होता, पाणी चढतच नव्हतं. बॉयलर वाचला, आम्हीही वाचलो. तिघंही घामाने निथळत जमिनीवर बसलो. अंतोनच्या भुवया जळाल्या होत्या.

"काका," तो म्हणाला, "आता त्या पाखराला हाकलू?"

"खबरदार!" सावंत म्हणाले. "ती जेवत होती म्हणून कळलं!"

*

शेवटचा. सावंतांच्या रिटायरमेंटचा.

तोपर्यंत नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि सावंतांचे कान पार गेले होते. भोंग्याखाली उभं राहून दहा वर्षं काढलेली. त्यांच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागायचं, तेही दोनदा.

निरोपाला त्यांची बायको आली होती. पेणकरपाडा काही लांब नाही, पण काकू कारखान्यात पहिल्यांदाच येत होत्या. हार, शाल, नारळ झालं. शेठ म्हणाले, "भाभी, दोन शब्द बोला."

"मला बोलायचं न्हाय," काकू म्हणाल्या. "माझी सवत कुठाय ती दाखवा."

सगळे हसले. आम्ही त्यांना बॉयलरपाशी नेलं. त्यांनी मान वर करून भोंग्याकडे नीट बघितलं, नवी सून बघावी तसं. मग साखळी हातात घेतली आणि ओढली.

आणि सोडेचनात!

हाटकेश दणाणलं. खिडक्या उघडल्या, रिक्षा थांबल्या. भोंगा वाफ पितो कसा, तर हंडा उपडा केल्यासारखा. काटा खाली यायला लागला. डाईंग मास्तर धावत आला, "शेठ, स्टीम गेली! माल बिघडेल!" मी पुढे झालो, तर शेठनी माझा हात धरला. "रेवा दे."

सूर उतरत गेला. आधी एक टोपी गप्प झाली, मग दुसरी, मग तिसरी. शेवटी नुसता श्वास राहिला, आणि तोही संपला. हौदांची खळखळ थांबली. मशीन थांबल्या. त्या कारखान्यात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

सावंत आमच्याकडे पाठ करून काट्याकडे बघत उभे होते. काकूंनी साखळी सोडली, पदराला हात पुसले आणि जागेवरूनच, अगदी हळू म्हणाल्या, "अवो."

"काय गो?" सावंत म्हणाले.