रस्त्यातला मांडव आणि माझे मोदक

बंगळुरूकर मंडळी, आज तळपायाची आग मस्तकात गेली आहे आणि ती मी विझू देणार नाहीये.

येलहंक्यात मी घरून उकडीचे मोदक करून देते. आज दुपारी महादेवपुऱ्यात एका बारशाला पोचवायचे होते. गाडी काढली, तर आमच्या गल्लीच्या तोंडाशीच रस्ताभर मांडव! कुणा पुढाऱ्याचा वाढदिवस. पुढे जाता येईना, आणि मागे गाड्यांची रांग.

आयोजक ओळखीचा. म्हटलं, "अण्णा, एक बाजू तरी मोकळी करा."

तो हसून म्हणाला, "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, अक्का," म्हणजे जरा सांभाळून घ्या, आणि खिडकीतून केसरीबातची, म्हणजे केशरी शिऱ्याची, प्लेट पुढे केली. मी ती तशीच परत केली.

मागची रांग हलल्यावर दुसऱ्या रस्त्याने वळसा घालून पोचले तेव्हा पंगत उठली होती. मोदक थंडगार, पाऱ्यांना चिरा पडलेल्या. त्यांनी घेतले नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

वकील मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "पोलीस तक्रार वेगळी. नुकसानभरपाईचा दिवाणी दावाही लावता येतो. पण सगळ्यांना त्रास झाला एवढं सांगून भागणार नाही. तुझं वेगळं नुकसान दाखवावं लागेल, आणि साक्षीदार लागतील."

नुकसान समोर डब्यात आहे. फोटो काढून होईपर्यंत नवऱ्यालाही हात लावू दिला नाही. दावा मी लावणारच.

माझ्यामागे त्या रांगेत हॉर्न तर सगळेच वाजवत होते. त्यातलं कोण कोर्टात येऊन बोलणार आहे?