तळ्याकाठचा खो

शालन भालेराव उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये राहायची आणि आनंदनगरच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला होती. लग्नाआधी ती खो-खोत जिल्ह्याकडून खेळलेली. ती पळायला उतरली की समोरच्या संघाचे चेहरे पडायचे, अशी तिची ख्याती होती. पुढं लग्न, दोन मुलं, शिफ्टची नोकरी. खेळ मागं पडला; पण रविवारी सकाळी वस्तीतल्या पोरींना मैदानात नेऊन शिकवणं तिनं सोडलं नव्हतं.

२००६च्या उन्हाळ्यात तिची जुनी कप्तान उमाताई अंबरनाथहून घरी आली. खो-खो शिकवायला परदेशात स्वयंसेवक पाठवणाऱ्या एका संस्थेचं काम ती आता बघायची.

"शालन, मलावीला जाशील?"

"ते कुठं आलं, ताई?"

"आफ्रिकेत. तीन महिने. पगार-बिगार नाही. तिकीट आणि राहणं-खाणं संस्थेचं."

शालनला हसूच आलं. तिचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे नागपूरची दीक्षाभूमी. "मस्करी करताय काय? माझं इंग्लिश म्हणजे येस, नो, थँक्यू."

"तुझ्या पायांना कुठं इंग्लिश लागतं?"

नवरा मिलिंद फिटर होता, मोजकं बोलणारा. जेवताना तो म्हणाला, "जा तू. पोरांचं आई आणि मी बघतो. कंपनीला सांग, बिनपगारी रजा द्या. नाही म्हणाले तर दुसरी कंपनी आहेच की."

"अहो, पण मी एकटी..."

"रविवारी पोरींवर ओरडतेस ना, उठा, पळा म्हणून? मग आता तू ऊठ."

जून महिन्यात शालन मलावीतल्या एका गावात उतरली. गाडीनं शेवटचं वळण घेतलं आणि समोर पाणीच पाणी. पलीकडचा काठ दिसेना. लाटा येत होत्या, होड्या डोलत होत्या. समुद्रच म्हणून तिनं ओंजळभर पाणी तोंडाला लावलं, तर गोड! ते तळं होतं. एवढंही तळं असू शकतं? ओल्या ओंजळीकडे बघत ती कितीतरी वेळ वाळूतच उभी राहिली.

तिच्या सोबतीला गावातल्या शाळेची खेळशिक्षिका होती, तियामिके. उंच, मोकळं हसणारी, शालनच्याच वयाची. शालन मोडकंतोडकं इंग्रजी आणि हातवारे करून सांगायची, तियामिके ते मुलींना त्यांच्या भाषेत समजवायची. लाल मातीत रेघा मारल्या, दोन टोकांना खांब पुरले. मुली आल्या, त्यांच्या आयाही आल्या. पण खेळ काही जमेना.

अडलं होतं ते बसण्यापाशी. खो-खोत एकीनं इकडं तोंड करून बसायचं, शेजारणीनं तिकडं. पाठीमागं काय चाललंय ते बघायचं नाही. पाठीवर थाप पडून 'खो' ऐकू आला की सुटायचं. या मुली मात्र दर क्षणी मान वळवून बघायच्या, नाहीतर उठूनच उभ्या राहायच्या. फुटबॉल खेळणारी पोरं कडेला खो खो हसायची.

"अमाई," तियामिके एकदा म्हणाली. तिकडं बाईला आदरानं अशीच हाक मारतात. "यांना वाटतं, हा नुसता बसायचा खेळ आहे. असा पाठ करून बसायचा खेळ कोण खेळेल?"

शालननं ओढणी कमरेला घट्ट बांधली, चपला काढल्या आणि मैदानात उतरली. "पकडा मला," ती चक्क मराठीतच म्हणाली. अर्थ सगळ्यांना कळला.

किती वर्षांनी ती पळत होती! पहिल्या दोन-चार वळणांत गुडघे कुरकुरले. मग अंग आपोआप आठवू लागलं. बसलेल्या मुलींमधून ती आत-बाहेर, आत-बाहेर वळत राहिली. पाठलाग करणारी हात लांबवायची, तोवर शालन रेघेच्या पलीकडे. एक दमली, दुसरी आली, दुसरी दमली. बायकांनी जिभेनं किलकाऱ्या मारायला सुरुवात केली. फुटबॉलवाली पोरंही जवळ सरकली. तेवढ्यात चिकोंडी नावाच्या मुलीनं पहिल्यांदाच मान वळवली नाही. खाली बघत, कान टवकारून ती बसून राहिली. पाठीवर थाप पडताच बाणासारखी सुटली आणि शालनच्या खांद्याला तिची बोटं लागली.

मैदानावर एकच जल्लोष झाला. धापा टाकत शालननं चिकोंडीला मिठी मारली. त्यानंतर मुलींना बसायला सांगावं लागलं नाही.

मुक्काम संपत आला तेव्हा तियामिके तिला डोंगरापलीकडच्या एका शाळेत घेऊन निघाली. वाटेत गाडी बंद पडली, म्हणून दोघी शेतांमधून चालत निघाल्या. त्या भागात ना कधी संस्था पोचली होती, ना शालन शिकवायला गेली होती. एका वस्तीजवळ आल्या आणि शालन जागच्या जागी थबकली.

झाडांमागून आवाज आला. "खो!"

मग पुन्हा, दुसऱ्या गळ्यातून. "खो!"

पुढं जाऊन बघते तर काय, अंगणात रेघा, दोन फांद्यांचे खांब, आणि बायका-मुली खेळताहेत. घड्याळ कुणाकडेच नव्हतं. झाडाखाली बसलेल्या बायका गाणं म्हणत होत्या. गाणं संपलं की डाव संपला. आणि कुणी फारच सुंदर पळत असेल तर त्या गाणं लांबवत होत्या! हे शालननं कुणाला शिकवलं नव्हतं. हे तिला कधी सुचलंही नसतं.

तियामिकेनं एका मुलीला विचारलं, "हा खेळ तुला कुणी शिकवला?"

"मावशीनं."

"आणि मावशीला?"

"तळ्याकाठच्या लोकांनी."

"त्यांना कुणी?"

मुलीनं खांदे उडवले. "त्यांना येतच असणार, पहिल्यापासून."

तियामिकेनं ते शालनला सांगितलं आणि म्हणाली, "सांगू का तिला, तू कोण आहेस ते?"

"नको नको," शालन घाईनं म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

त्या मुलीनं तिचा हात धरून तिला एका चौकोनात बसवलं, खांदे नीट वळवले आणि अगदी नवख्या माणसाला शिकवावं तसं सावकाश बोलून समजावलं. तियामिके हसत हसत तिचं बोलणं सांगत होती: मागं बघायचं नाही हं. थाप पडली की पळायचं.

शालननं शहाण्या मुलीसारखी मान डोलावली. समोर डोंगर होता, मागं गाणं चाललं होतं, अनवाणी पावलं जवळ येत होती. ती वाट बघत बसून राहिली.