धुक्यात भिंत नाही

शाईताईंची तर्जनी कायम काळी असते. घासून ती निघत नाही, आणि त्या फारशी घासतही नाहीत. हे नाव ऑफिसातल्या पोरांनी पाडलं. त्यांचा धाकटा भाऊ हातात धरून खेळायचे गेम बनवतो. त्यातली चित्रं ताईंची. जपानी चित्रं बघून बघून त्यांनी हात बसवला. कुंचल्यानं डोंगराची एक रेघ, देवदाराचे दोन शेंडे, मध्ये नुसता कोरा कागद. तो कोरा कागद म्हणजे धुकं.

चित्र झालं की ताई ते मोठ्या पडद्यावर बघत नाहीत. तळहाताएवढ्या यंत्रावर घेतात, जिन्यात उभं राहून हात लांब करून बघतात. "लोक काय सिंहासनावर बसून खेळणारेत? रांगेत उभे राहून खेळणार," त्या म्हणतात.

पहिल्या भागात कंदील घेतलेली एक मुलगी हरवलेल्या बापाला शोधत निघते. त्यात एक घोटाळा झाला. कोरा कागद बघून भावाला वाटलं, ताई इथं अजून डोंगर काढणार आहे. म्हणून धुक्याच्या कडेला मुलीला अडवणारी अदृश्य भिंत त्यानं घातलीच नाही. ताईंना वाटलं, त्यानं घातली असेल. खेळणारे सरळ धुक्यात घुसले आणि भलत्याच खोऱ्यात निघाले. भाऊ दुरुस्ती करायला बसला, तेव्हा खेळणाऱ्यांनीच त्याला बजावलं, हात लावू नका, हीच तर मजा आहे.

दुसऱ्या भागाच्या वेळी गेम विकणाऱ्या कंपनीचा माणूस आला. चित्रं बघून म्हणाला, "निम्मा पडदा पांढरा आहे. लोकांना वाटेल, काम अर्धवट सोडलंय. हे भरा, नाहीतर अनावरणाच्या कार्यक्रमात आम्ही हा गेम दाखवणार नाही." भावानं मान डोलावली.

रात्री जेवताना तो म्हणाला, "ताई, थोडी झाडं टाक ना. तुझ्या हातचा मळ आहे."

"झाडं हातचा मळच आहेत. रिकामं सोडायला शिकण्यात केस पांढरे झाले. आणि भिंत?"

"घातली. या वेळी चूक नको."

"मग माझी चित्रं परत दे."

"धमकी देतेस?"

"नाही. काम सोडतेय."

आईनं भाजीचं भांडं दोघांच्या मध्ये सरकवलं. "आधी जेवा. लहानपणी पाटीवरून भांडायचात, आता धुक्यावरून भांडा."

सकाळी ताईंनी कुंचले धुतले, कापडात गुंडाळले आणि घरी नेले. काढून झालेली चित्रं भावाच्या कंपनीच्या मालकीची, ती तिथंच राहिली. भावानं दुसऱ्या चित्रकार मुलीकडून त्यात झाडं भरून घेतली. तिचं काम चोख होतं. पुढे ताईंनीही ते कबूल केलं.

भरलेलं चित्र यंत्रावर घेऊन भाऊ सवयीनं जिन्यात गेला आणि त्यानं हात लांब केला. झाडं दिसली, त्यांची पानंसुद्धा दिसली. कंदीलवाली मुलगी काही दिसेना. त्यानं यंत्र जवळ धरलं, तेव्हा कुठं सापडली. पुन्हा लांब धरलं, पुन्हा हरवली.

संध्याकाळी तो ताईंच्या खोलीच्या दारात उभा राहिला.

"उद्या येतेस?"

"भिंत?"

"काढली. झाडंही काढली. त्या माणसाला फोन करून सांगितलं."

"काय म्हणाला?"

"कार्यक्रमातून आपण बाद."

"बरं झालं. मला नवी साडी घ्यावी लागणार होती."

गेम गाजावाजा न होता बाजारात आला. दुसऱ्या दिवशी सकाळीच पहिली तक्रार आली. भावानं ती ताईंच्या टेबलाशी उभं राहून वाचून दाखवली, "चित्र अपुरं आहे. पुढे काहीच नाही."

ताईंनी कुंचला शाईत बुडवला.

"आत शिरून बघ म्हणावं."