जपानी कुंभाराचा वाडगा

मुलांनो, आमच्या तबेल्यात राहिलेल्या जपानी कुंभाराइतका हट्टी आणि नासधूस करणारा माणूस साऱ्या सोलापुरात झाला नसेल. तुमचे आजोबा त्याला 'कलावंत' म्हणत, याचा मला अजून संताप येतो. त्याचा मेहुणा कापूस खरेदीला इकडे आला होता. त्याच्याबरोबर हाही आला आणि आमच्या काळ्या मातीला चिकटून बसला. त्याच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चहाचे वाडगे करत. मुलाने केलेल्या वाडग्यातून बाप चहा प्यायला, तरच मुलाला घराण्याची मोहोर मिळे. याची चाळिशी उलटली, तरी बापाने याचा एकही वाडगा ओठाला लावला नव्हता.

मराठी तो कुंभारवाड्यात शिकला होता आणि तिथल्याच ठसक्यात बोले. भट्टी उघडली की एकेक वाडगा उन्हात फिरवून बघायचा आणि दगडावर आपटायचा. "अहो, तो तिरका मला द्या की, मीठ ठेवीन," मी एकदा म्हटलं. "न्हाय बाई, मिठाचा न्हाय त्यो," म्हणाला आणि माझ्या डोळ्यांदेखत फोडला! माझ्या विलायती कपांकडे बघून म्हणे, "ह्येला कान कशाला? हात हायेत की!" आम्ही बशीत ओतून चहा पितो, म्हणून तोंड फिरवायचा. आणि स्वतः काय प्यायचा? बिनदुधाचा, बिनसाखरेचा हिरवा काढा!

अखेर एका थंडीत एक वाडगा त्याच्या मनास आला. काळाभोर, काठाला जरासा तांबूस. दुसऱ्या दिवशी मेहुणा बोट पकडायला मुंबईला निघणार होता, त्याच्याबरोबर हा वाडगा बापाकडे जायचा होता. पण कोणी वडीलधाऱ्याने त्यातून प्यायल्याशिवाय वाडगा पुरा होत नाही, असं याचं खूळ. तो घेऊन आला थेट माझ्या सासूबाईंकडे. त्या हाकलून देतील असं मला वाटलं. पण "कोरं मातीचं भांडं ना? मग त्याला विटाळ कसला," म्हणत त्यांनी आल्याचा चहा त्यात घेतला, दोन्ही हातांत धरून शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या, आणि परसात जाऊन वाडगा धुण्याच्या दगडावर फोडून आल्या. उष्टं मातीचं भांडं घरात ठेवत नसत!

मी किंचाळलेच.

"ओरडतेस काय? तो तरी रोज काय करतो?" सासूबाई म्हणाल्या.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने घर डोक्यावर घ्यायला हवं होतं! तर हा पाटावर तसाच बसून विचारतो, "आजी, चा कसा लागला?"

"हातांना ऊब आली रे बाबा. आखडलेली बोटं मोकळी झाली."

तो वाकून नमस्कार करून निघून गेला. मेहुण्याला त्याने रिकाम्या हाताने जाऊ दिलं, पण सासूबाईंना एका शब्दाने बोलला नाही. मी मात्र आठ दिवस दोघांशीही धड बोलले नाही.

उन्हाळ्यात त्याने दुसरा वाडगा केला आणि कोणाच्या हाती न देता, पंच्यात गुंडाळून, छातीशी धरून स्वतःच घरी निघाला. आजोबांनी त्याला आमचा पत्ता लिहून दिला होता. बापाने चहा घेतला की नाही, एवढं कळवायला एक कार्ड टाकता येऊ नये माणसाला? सासूबाई गेल्या त्या वर्षीसुद्धा विचारत होत्या.

तुम्ही इतक्या लांबलांबच्या देशांत फिरता. कोणी तिकडे गेलात, तर त्या घराच्या दारात उभं राहून विचारा. म्हातारा कधीच गेला असेल, कदाचित हाही. तरी विचारा.