बंद गिरणीचा कालचा भाव

माझा मोठा भाऊ अकोल्यात एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे. काम एकच, उगवण तपासायची. शंभर बिया मोजायच्या, ओल्या कागदात गुंडाळून ठेवायच्या आणि आठव्या दिवशी कागद उलगडून कोंब किती, सडलेल्या किती, ते लिहायचं. सव्वीस वर्षं हेच. मग एक दिवस त्याच्या डोक्यात आलं की आता बिया पुरे, नोकरी सोडायची आणि घरी बसून शेअर बाजारावर जगायचं. मी अमरावतीला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, तेव्हा परीक्षक अर्थातच मी. फोनवर म्हणाला, "तू एकडाव सगळं तपासून घे. तू हो म्हटलं का मी राजीनामा टाकतो."

असं कोणी म्हटलं की मला आधी राग येतो. उद्या काही बिनसलं की खापर फोडायला माझं डोकं तयार! पण मागून वहिनीनं फोन घेतला आणि हळू आवाजात विचारलं की कधी येता. घरात मिळवता तो एकटा, मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. मी त्याच रविवारी बडनेऱ्याहून सकाळची गाडी धरली.

मे महिना होता. अकोल्यात दहा वाजताच रस्त्यावर चिटपाखरू नाही. ऑटोवाल्यानं तोंडाला दुपट्टा गुंडाळला होता. ऑटो जुन्या तेलगिरणीवरून गेला. आमचे बाबा तिथं फिटर होते. कंपनी बुडून कितीतरी वर्षं झाली. फाटकाला साखळी आणि आत बाभळी इतक्या माजलेल्या की इमारत दिसतच नाही. मी मान वळवून पाहत राहिले.

दादानं कूलरसमोर टेबल आणि त्यावर कॉम्प्युटर मांडून ठेवला होता. प्रकरण थोडक्यात असं. बाजारात हजारो कंपन्या; त्यातल्या स्वस्त, कर्ज नसलेल्या, नफ्यातल्या तेवढ्या गाळून देणाऱ्या वेबसाइटी असतात. दादा त्यांना चाळणी म्हणायचा. आणि चाळणीतून पडलेल्या कंपन्या आपण पंधरा वर्षांपूर्वी घेतल्या असत्या तर आज किती झाले असते, तेही त्या काढून देतात. त्याला बॅकटेस्ट म्हणतात. ह्या दुसऱ्या गोष्टीची मला पहिल्यापासून थोडी धास्ती वाटते. आपण खरोखर जगलो ती वर्षं पुसायची आणि आपल्या जागी कोणी दुसराच जगून गेला असं मानायचं. दादा तर "घेतलं असतं" म्हणतच नव्हता. त्या दिवाळीत मी हे घेतलं, संक्रांतीले विकलं, तवा दुप्पट आले, असं सांगत होता. त्या दिवाळीत बाबा शेवटच्या दुखण्यानं दवाखान्यात होते आणि आम्ही दोघं आळीपाळीनं त्यांच्या उशाशी बसत होतो. मी त्याला तसं म्हटलं. तो म्हणाला हाव, ते बी होतं, आणि पुन्हा पडद्याकडे वळला.

त्यानं तीन वेबसाइटी निवडल्या होत्या. पहिली फुकटची. तिच्यात मी बुडालेल्या दोन-चार कंपन्यांची नावं टाकून पाहिली, तर एकही सापडेना. बंद पडली की तिनं नावच काढून टाकलं होतं, जणू ती कंपनी कधी नव्हतीच. ज्या गावात कोणी मेलेलंच नाही त्या गावाचं आयुर्मान काढून काय उपयोग? तिला मी नापास केलं. दुसरी रुपया-डॉलरच्या सौद्यांची. तिच्या जुन्या सौद्यांत सव्वीस जानेवारीला एक मोठा फायदा होता. त्या दिवशी इथला बाजार बंद असतो. बंद बाजारात कोण कोणाला विकत होतं, देव जाणे. तीही बाद. आता मात्र मी जरा ताठ झाले. दादाला म्हटलं, अशी नजर पायजे, बापा.

तिसरी पैसे भरून घेतलेली. तिच्यात बंद पडलेल्या कंपन्याही धरायची सोय होती आणि दादानं तिथं खूण केली होती. एकूण पैशाची रेघ अशी चढत गेलेली की बघत राहावं. मी वरचे चाळीसेक सौदे घेतले, तारखा लावल्या, भाव जुन्या नोंदींशी ताडून पाहिले. सगळं चोख. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, ती मी केली, पण शीत वरचंच घेतलं. जेवण झालं होतं, डोळे जड झाले होते. दादा समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होता. आत वहिनीची भांडी वाजायची थांबली होती. मला पाचची गाडी होती. मी वही मिटली आणि हो म्हणायला तोंड उघडलं.

तेवढ्यात लाईट गेली. कूलरचा पंखा घरघरत थांबला आणि घरात अशी शांतता झाली की बाहेरचं ऊन ऐकू येईल. चारेक मिनिटांनी लाईट आली, नेट आलं, पान पुन्हा उघडलं. पण या वेळी उलटं. सगळ्यात जुने सौदे वर आले.

पहिलंच नाव आमच्या तेलगिरणीचं होतं.

खरेदी पंधरा वर्षांपूर्वीची. विक्रीचा रकाना रिकामा. आणि पुढं लिहिलेलं: सौदा चालू. मी नावावर क्लिक केलं. भाव दोन-तीन वर्षं खालीवर झाला होता आणि मग एकदम पट्टी लावून ओढावी तशी सरळ रेघ. गिरणी बंद पडली त्या दिवशीचा भाव दुसऱ्या दिवशी तोच, तिसऱ्या दिवशी तोच, रोज तोच. सगळ्यात शेवटची तारीख परवाच्या शुक्रवारची, बाजार शेवटचा उघडला त्या दिवसाची. सकाळी मी बाभळी पाहून आले होते, आणि इथं कोणीतरी रोज न चुकता त्या फाटकापाशी जाऊन भाव लिहून येत होतं. खरं सांगते, क्षणभर वाटलं, अजून खाली गेले तर हजेरीपट सापडेल आणि त्यात बाबांचं नाव.

खाली तशाच आणखी निघाल्या. मोजल्या तर एकेचाळीस. मेलेल्या सगळ्या ह्या वेबसाइटीनं खरंच धरल्या होत्या. फक्त त्या मेल्या हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. त्यांचे भाव शून्य करून मी वहीत पुन्हा हिशेब मांडला. ती देखणी रेघ बँकेतल्या साध्या ठेवीच्याही खाली आली.

दादाला समजावायला मला फार शब्द लागले नाहीत.

"दादा, आठव्या दिवशी सडलेल्या बिया बी कोंब आल्यात धरल्या, तर उगवण किती येते?"

"शंभर," तो म्हणाला. पडद्याकडे त्यानं पाहिलंच नाही.

मग तो कूलरच्या पाण्यात हात घालून बसला. मला वाटलं, आता चिडेल, नाहीतर रडेल. दोन्ही झालं नाही. अगदी सरळ आवाजात म्हणाला, "मले हे मार्चातच दिसलं होतं."

"मंग मले काहून बोलावलं?"

"तुले दिसते का ते पाहून राहिलो होतो. तुले नसतं दिसलं, तर मंग कोणालेच दिसलं नसतं. उद्या सकाळी मी राजीनामा टाकला असता."

मी त्याच्यावर ओरडायला हवं होतं. एरवी मी तेवढ्यावरून घर डोक्यावर घेतलं असतं. पण माझ्या तोंडाशी आलेला तो 'हो' अजून तिथंच होता आणि तो गिळायला मला पाणी लागलं. वहिनी बाहेर आली. दादानं तिला सांगितलं, नोकरी सोडत नाही, हिनं चूक पकडली. वहिनी नुसती माझा हात धरून उभी राहिली.  तो हात धरलेला असताना, लाईट गेली म्हणून सापडलं, हे सांगायला माझी जीभ उचलेना.

दादा अजून बिया मोजतो. भेटेल त्याला सांगतो की माझ्या बहिणीच्या नजरेतून काही सुटत नाही. गेल्या महिन्यात माझ्या भाचीसाठी स्थळ आलं. वहिनीनं मुलाचा फोटो, पगार, घरच्यांची माहिती, सगळं माझ्या फोनवर पाठवलं आणि खाली लिहिलं, "तुमी पाहून घ्या बाई, मंग आमाले काई पाहाचं काम नाई."