दापोलीच्या हेलात बोलणारं यंत्र

आता माझ्या अकलेचं काय वर्णन करू तुम्हाला! चहा आधी संपवा, ठसका लागला तर मी जबाबदार नाही.

इथे अबू धाबीजवळ मुसाफामध्ये माझं वर्कशॉप आहे. साइटवरच्या कामगारांचे युनिफॉर्म शिवतो आम्ही. शिलाई मशीनच्या खडखडाटात फोन ऐकू येत नाहीत, ऑर्डरी हातच्या जातात. म्हणून माझ्या लेकीनं, इरानं, फोन घ्यायला एआय बसवायचं ठरवलं. मला मात्र धास्ती! गिऱ्हाइकाला भलतंच कबूल करून बसला तर? नाव माझंच जाणार ना?

"आई, रिलॅक्स! आज तो गिऱ्हाईक बनून तुला ट्रायल कॉल करेल. बोलणं पटलं तरच ठेवू."

दुपारी फोन वाजला. "नमस्कार मॅडम, शारजाहून मुकादम बोलतोय. युनिफॉर्म हवे होते."

अहाहा! अस्सल दापोलीचा हेल! मधेच खोकलासुद्धा!

"शाब्बास रे! दमतोस का कधी?"

"वय झालं, मॅडम. जिना चढताना दमतो."

"काय हजरजबाबी आहेस! आता एक गाणं म्हण बघू."

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज. आणि मग गायला की हो! इतका बेसूर की विचारू नका. मी टाळ्या वाजवल्या. "खलास! तुला कामावर ठेवला!"

फोन ठेवून ओरडले, "इरा, तुझा एआय अगदी माणूस वाटतो गं!"

"व्हॉट? आई, मी अजून चालूच नाही केला!"

अगं बाई! उलटा फोन लावला. "मुकादमभाई, माफ करा हो, मला वाटलं तुम्ही यंत्र आहात..."

ते खो खो हसले. "मॅडम, एआय मीही वापरतो. कोटेशन लिहायला फर्स्ट क्लास! पण मध्यंतरी माझ्याच मुलाचा आवाज काढून कुणीतरी मला गंडवणार होतं. तेव्हापासून मीही आडवेतिडवे प्रश्न विचारतो. म्हटलं, ही बाई माझ्याहून सावध! म्हणून तर गायलो. ऑर्डर तुमचीच, इन्शाल्ला."

काय दिलदार माणूस! मी मनोमन हात जोडले. ठरवलं, यापुढे फोनवर प्रत्येकाशी अदबीनं बोलायचं.

तेवढ्यात पुन्हा फोन. कुणी एक साहेब युनिफॉर्मची चौकशी करत होते. मी इतक्या अदबीनं बोलले! तब्येत विचारली, मुलाबाळांची चौकशी केली. "रविवारी घरी जेवायला या, वहिनींनाही आणा," असा आग्रहसुद्धा केला.

दारात इरा कपाळाला हात लावून उभी. "आई... धिस वन इज द एआय!"

तोवर मी त्याला घराचं लोकेशनही पाठवलं होतं.