निळीच्या पोटात पिवळीचं इंजिन

मॅथ्यूचा फोन आला तेव्हा हौसाबाई मोरवा गावातल्या आपल्या घराच्या ओट्यावर सुकट निवडत बसल्या होत्या. फोन होता त्यांच्या नवऱ्यासाठी, परशुरामसाठी, पण तो आंघोळीला गेलेला, म्हणून त्यांनीच घेतला. मॅथ्यूने उत्तनहून एवढंच सांगितलं, की जानेवारीत धाकट्या मुलाचं, लॉयडचं लग्न आहे, मांडव अंगणातच घालायचाय, तेव्हा त्या दोन स्कूटर आता काढायला लागतील. भंगारवाल्याशी बोलणं झालंय. परशाला काही पार्ट काढून घ्यायचे असतील तर येऊन घेऊन जा म्हणावं.

"बरं, सांगते," हौसाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. सुकटीकडे मात्र परत हात गेला नाही.

त्या दोन स्कूटर रस्त्यावरच्या नव्हेत, पाण्यावरच्या. पंचवीसेक वर्षांपूर्वी मॅथ्यू बाहरीनहून कायमचा परत आला तो तिथल्या बंदरात इंजिनाचं काम शिकून, आणि त्याच्या मागोमाग बोटीने एक जुनी पिवळी वॉटर स्कूटर आली. परशुराम तेव्हा भाईंदरच्या खाडीत होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. पिवळीचं काही अडलं की मॅथ्यू त्याला बोलवायचा. पुढे परशुरामनेही एका क्लबने काढून टाकलेली निळी घेतली. कंपनी तीच, मॉडेल जरा नंतरचं. मग शनिवार-रविवार दोघे उत्तनच्या किनाऱ्यावर उभे राहायला लागले आणि मीरा रोड, बोरिवलीकडची माणसं फेरी मारायला यायला लागली.

हौसाबाई आणि मॅथ्यूची बायको इनेझ, दोघी काठावर एका ताडपत्रीखाली. इनेझ नंबर पुकारायची. हौसाबाई लोकांना जाकिटं चढवायच्या, पट्टे आवळायच्या, बायकांच्या ओढण्यांना गाठी मारून द्यायच्या, चपला आणि चष्मे सांभाळायच्या. दुपारी गर्दी ओसरली की एकीच्या डब्यातलं बोंबलाचं कालवण आणि दुसरीच्या डब्यातली भाकरी. दोघींची मुलं त्या ताडपत्रीखालीच लहानाची मोठी झाली. हौसाबाईंची समिधा तर पहिलं पाऊल तिथल्या वाळूत टाकून मोकळी झाली.

आणि समोर पाण्यावर दोन आवाज. पिवळी आधी खोकायची, मग एका सुरात गुणगुणत जायची. निळी दातओठ खाऊन सुटायची. पाठमोरं बसूनही हौसाबाईंना कळायचं, कोण निघालं आणि कोण परत येतंय.

पुरुषांचा वाद तर कायमचाच. पिवळीचं इंजिन साडेसहाशे सीसीचं, निळीचं सातशेचं. मॅथ्यू म्हणायचा, "माझं जुनं असेल, पण कुठे दगा देत न्हाय." परशुराम म्हणायचा, "तुझं इंजिन बैल हाय, माझं घोडा." गिऱ्हाईक नसलं की ते दोघे शर्यत लावायचे आणि हरणारा दर वेळी सांगायचा की वारा समोरून होता.

या सगळ्या वर्षांत हौसाबाई एकदाही स्कूटरवर बसल्या नाहीत. कोणी नको म्हटलं नव्हतं. सुरुवातीला पेट्रोल वाया जाईल म्हणून, मग समिधा अंगावर होती म्हणून. एकदा मॅथ्यू आपणहून म्हणाला होता, "वैनी, आज मोकळं हाय, बसा तुमी." त्यांनी पदर खोचला आणि तेवढ्यात चार जणांचं टोळकं आलं. तो दिवस गेला तो गेलाच.

पुढे निळी एका लाटेत उलटली. सरळ करताना ती भलत्या बाजूने फिरवली गेली, इंजिनात खारं पाणी शिरलं आणि ते जाम धरलं ते कायमचं. दोन-तीन मोसम पिवळीने एकटीने काढले. मग एका ओहोटीला खडकाने तिच्या तळाला हातभर चीर पाडली. तोवर ठिकठिकाणी नव्या वॉटर स्कूटर आल्या होत्या, माणसंही पांगली होती. परशुराम मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कातल्या एका सोसायटीत पाण्याचे पंप बघायला लागला, मॅथ्यू गावातल्या होड्यांची इंजिनं. दोन्ही स्कूटर मॅथ्यूच्या अंगणात प्लास्टिकखाली शेजारी शेजारी उभ्या राहिल्या.

रविवारी नवरा-बायको बसने उत्तनला गेली. परशुरामने पिशवीत पाने-पक्कड घेतली होती. प्लास्टिक काढलं तर निळीच्या सीटखाली उंदराने घर केलेलं. परशुराम बराच वेळ तिच्या हँडलवर हात ठेवून उभा राहिला. इनेझने चहा आणला. मॅथ्यू म्हणाला, "मंगळवारी येणार तो टेम्पो घेऊन."

हौसाबाईंनी कप खाली ठेवला. "मॅथ्यूभाव, देयाच्या आधी मला एकदा बसायचंय."

"बसा की," मॅथ्यू म्हणाला. "ही काय, समोरच हाय."

"अंगणात न्हाय. पाण्यात."

पुरुष हसले. इनेझ हसली नाही. ती म्हणाली, "मीपण बसणार. माझा नवरा दर्यावरचा राजा, आणि मी कवाच बसले न्हाय. लग्नात सूनबाई इचारेल तर काय सांगू?"

मॅथ्यूने डोकं खाजवलं. एकीचा तळ फुटलेला, दुसरीचं इंजिन मेलेलं. तरी चहा संपल्यावर त्याने दोन्ही सीटा उचलून बाजूला ठेवल्या आणि दोघे पोटात डोकावायला लागले. निळीचे प्लग काढून त्यांनी आत डिझेल ओतलं, बराच वेळ मुरू दिलं, मग पाना लावून फिरवून पाहिलं. तसूभर हललं नाही. पिवळीचे प्लग काढले, तेल सोडलं, पाना लावला. आधी अडलं, मग जड जड फिरलं, आणि दुसऱ्या फेऱ्याला वाफेसारखा उसासा टाकून मोकळं झालं.

"बैल जिवंत हाय," मॅथ्यू हळूच म्हणाला.

परशुरामने पाना उचलला. पाना फडक्याला पुसत तो विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसला. हौसाबाई त्याच्याजवळ गेल्या.

"निळीची बॉडी चांगली हाय ना?" त्यांनी विचारलं.

"बॉडीला काय झालंय? एक ओरखडा न्हाय."

"मग पिवळीचं इंजिन तिच्यात बसेल का न्हाय?"

"बसेल. एका घरचीच हायेत ती," परशुराम म्हणाला. "पण माझ्या गाडीत त्याचं इंजिन? जन्मभर ऐकवेल तो मला."

"ऐकवू दे," हौसाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुमी दोघं कोणाचं इंजिन मोठं ते बघत बसलात, आणि आमी दोघी काठावर बसलो. आता आमचंबी एकदा बघा."

परशुराम उठला आणि मॅथ्यूला म्हणाला, "भंगारवाल्याला सांग, लग्न जवळ आलं की ये."

त्यापुढचे तीन-चार रविवार मॅथ्यूच्या अंगणात गेले. आंब्याच्या फांदीला साखळीचा पुली-ब्लॉक टांगून दोन्ही इंजिनं वर काढली आणि गोणपाटावर शेजारी शेजारी ठेवली. इतक्या वर्षांच्या वादाचं मूळ असं उघड्यावर आल्यावर दोघे ते निरखत बसले. बोल्टची भोकं जुळत होती. खालची रबरं निळीचीच चालणार होती. पण धूर बाहेर नेणारा पाइप पिवळीच्या इंजिनाला चार बोटं अलीकडे होता, आणि करंटचा डबा दोघींचा वेगळा. "इंजिनासोबत त्याचाच डबा जाणार," परशुराम म्हणाला, "न्हायतर ठिणगी भलत्या वेळेला पडेल." इंजिन आत सोडल्यावर पंखा फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टशी ते सरळ रेषेत येईना. मॅथ्यूने पत्र्याच्या पातळ पट्ट्या कापल्या. एक खाली सरकवायची, फूटपट्टी लावून बघायचं, परत उचलायचं. परशुराम वाकून म्हणायचा, "अजून केसभर." मॅथ्यू म्हणायचा, "तुझा केस केवढा, माझा केवढा?" दोघांच्याही डोक्यावर फारसे उरले नव्हते.

धुराच्या पाइपाला वाकडा रबरी जोड हवा होता, तो हौसाबाईंनी आणला. जुन्या रबराचा तुकडा पिशवीत घालून त्या भाईंदरच्या केबिन रोडला गेल्या आणि गाड्यांच्या सामानाच्या एका दुकानात तो काउंटरवर ठेवला.

"आंटी, किस गाडी का है?" दुकानदाराने विचारलं.

"पानी की स्कूटर का."

"पानी का टँकर?"

"टँकर नहीं भैया, स्कूटर. पानी पे चलती है."

त्याने एकदा रबराकडे, एकदा बाईंकडे पाहिलं आणि आतून ट्रकच्या रेडिएटरचे पाच-सहा होज आणून मांडले. हौसाबाईंनी प्रत्येकात मूठ घालून बघितली आणि एक उचलला. "बैठेगा क्या?" त्याने विचारलं. "कापेंगे तो बैठेगा," त्या म्हणाल्या. बसला.

पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळून, इंजिन गार राहायला पाण्याची नळी जोडून मॅथ्यूने बटण दाबलं तेव्हा आधी नुसताच खटका. मग खोकला. मग अंगणभर निळा धूर झाला आणि इंजिन चालू झालं. इनेझने वाळत घातलेले कपडे उचलले. हौसाबाई पायरीवर बसून ऐकत राहिल्या. आवाज पिवळीचाच होता, पण निळीच्या मोठ्या पोटात शिरून जरा घोगरा झालेला, ओळखीच्या माणसाने दुसऱ्या खोलीतून हाक मारावी तसा. त्या वासाने त्यांना कितीतरी गोष्टी आठवल्या. समिधाच्या केसातली वाळू, आणि ते नवीन लग्न झालेलं जोडपं, ज्यातला नवरा भिऊन काठावरच बसला आणि बायको एकटीच फेरी मारून आली.

भांगाचा दिवस बघून, म्हणजे पाण्याला जोर नसतो असा, त्यांनी स्कूटर किनाऱ्यावर नेली. आधी परशुराम बसला. स्कूटर निघाली, इंजिन कण्हायला लागलं, पण नाक काही वर उचलेना. ओझं घेतलेल्या म्हशीसारखी ती पाण्यात बसून चालली. परशुराम परत आला तो हसतच.

"पंखा," तो म्हणाला. "मागचा पंखा माझ्या इंजिनाचा हाय. सातशेवाल्याचा. तुझ्या इंजिनाला तो ओढवत न्हाय."

मॅथ्यूने कमरेवर हात ठेवून समुद्राकडे पाहिलं. "म्हंजे तुझं जोरदार होतं."

"मी काय सांगत होतो इतकी वर्सं?"

"होतं बाबा," मॅथ्यू म्हणाला. "तुझं जोरदार होतं."

हे ऐकायला परशुराम इतका काळ थांबला होता. "पण तुझं चालू हाय," एवढंच तो म्हणाला. त्यांनी स्कूटर परत घरी नेली, पिवळीचा पंखा काढून निळीला लावला, आणि पुढच्या भांगाला पुन्हा आणली.

हौसाबाईंनी त्या दिवशी समिधाची ट्रॅक पँट घातली होती. परशुरामने पाहिलं आणि गुपचूप दुसरीकडे बघितलं. जाकीट इनेझने चढवलं आणि पट्टे खेचले. हौसाबाईंचा श्वास अडकला.

"मी असेच आवळायचे का गं?"

"याच्यापेक्षा जास्त," इनेझ म्हणाली.

"कोणी बोललं न्हाय कवा."

"तुला कोण बोलणार?"

मॅथ्यू पुढे बसायला निघाला, तशा हौसाबाईंनी त्याला हाताने बाजूला केलं आणि स्वतः हँडल धरलं. इनेझ मागे बसून क्रूसाची खूण करून त्यांच्या कमरेला बिलगली. पुरुष कमरेभर पाण्यात. दोघे एकाच वेळी सूचना द्यायला लागले आणि इंजिन सुरू झाल्यावर त्यातलं काहीच ऐकू आलं नाही.

आधी हौसाबाईंनी अगदी हळू नेली. मग अंगठ्याने वेगाचा खटका जरा दाबला. नाक उचललं, आणि खालचं पाणी एकदम टणक झाल्यासारखं वाटलं. काठावरून ऐकताना तो आवाज कानांत यायचा. इथे तो गुडघ्यांतून वर चढत होता. नांगरलेल्या होड्यांना वळसा घालून त्यांनी मागे पाहिलं. जिथे त्यांची ताडपत्री असायची ती जागा त्यांना आधी सापडेचना. सापडली ती बोटभर. एवढ्याशा जागेत आपण केवढं राहिलो, केवढं जेवलो, केवढं भांडलो, असं त्यांच्या मनात आलं. वाईट वाटलं नाही. कोणाचं तरी जुनं घर लांबून दाखवावं तसं वाटलं.

"हौसा, परत चल," मागून इनेझ म्हणाली. वळताना तिनेच विचारलं, "का अजून एक मारायची?"

त्यांनी अजून दोन मारल्या. काठाला लागल्या तेव्हा दोघींचे डोळे मिठाने लाल झाले होते आणि इनेझला पाय टेकवून उभं राहता येईना. मॅथ्यूने तिला उचलून वाळूत ठेवलं. लग्नानंतर तीस-पस्तीस वर्षांत त्याने तसं केलं नसावं, कारण इनेझ लाजली.

परतीच्या बसमध्ये परशुरामने विचारलं, "कसं वाटलं?"

"इतकी हळू जाते होय ती?" हौसाबाई म्हणाल्या. "मला वाटलं होतं, उडते."

"पिवळीचं इंजिन हाय ना. माझं असतं तर..." तो बोलता बोलता थांबला. हौसाबाई हसत होत्या. बस उत्तनबाहेर पडली तशी त्यांना झोप लागली. ओले केस त्याच्या खांद्याला लागत होते, पण तो हलला नाही.

लग्नाच्या आठवडाभर आधी भंगारवाला आला आणि पिवळीची फुटकी बॉडी आणि निळीचं धरलेलं इंजिन घेऊन गेला. टेम्पो गल्लीतून वळेपर्यंत मॅथ्यू आणि परशुराम फाटकात उभे होते. उरलेली स्कूटर मॅथ्यूच्या चुलतभावाच्या जाळ्यांच्या खोपटात गेली. अंगणात मांडव पडला, आणि इनेझने नव्या सुनेला, मेगनला, सगळी हकिकत सांगितली, होड्यांभोवतीचे वळसे वाढवून.

उन्हाळ्यापर्यंत त्या दोघी आणखी तीनदा पाण्यात गेल्या, एकदा मेगनला मधे बसवून. पावसाळ्याच्या तोंडाला परशुरामने टाकी रिकामी केली, इंजिनात तेल सोडलं आणि मॅथ्यूने वरून नवी कोरी ताडपत्री बांधली.